जात्याचा फेरा आणि सीक्वेन्सरची ओळ

ओवीच्या छंदाविषयी मराठीत जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी ओवीच्या लयीविषयी झालेली नाही. छंद कागदावर मोजता येतो. लय मोजावयाची तर दगड, हात आणि श्वास ही तिन्ही समोर असावी लागतात. माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग पाडून ओवी-अभंगांना तिसऱ्यात बसविले, तेव्हा अक्षरांचे लघुगुरुत्व जेथे उच्चारात विरघळून जाते अशा रचनेला स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि हे विरघळणे कशाच्या संगतीने घडते, हा प्रश्न छंदःशास्त्राच्या कक्षेबाहेरच राहिला. जात्यावरील गीताला दोन लयी असतात, एक दगडाची आणि एक गळ्याची. या दोहोंचा संबंध कोणत्या प्रकारचा आहे, हे सांगितल्यावाचून ओवीची लय सांगितली असे होत नाही.

दोन किंवा अधिक लयी एकाच वेळी चालविणे हे ज्याचे मुख्य कार्य आहे असे एक साधन आज उपलब्ध आहे. मॉड्युलर सिंथेसायझरमधील बहुलयी सीक्वेन्सर हे ते साधन होय. ओवीच्या अभ्यासकाने त्याकडे मापनयंत्र म्हणून पाहावे काय, आणि पाहिल्यास त्याच्या साक्षीवर कितपत विसंबावे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे. यंत्राविषयी आपल्याकडे दोनच वृत्ती दिसतात: एक दिपून जाण्याची आणि दुसरी नाक मुरडण्याची. दोन्हींमुळे परीक्षण टळते.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहिले पाहिजे. मॉड्युलर सिंथेसायझर हे एकसंध वाद्य नव्हे. ध्वनी उत्पन्न करणारा, गाळणारा, त्याचा जोर कमीजास्त करणारा असा प्रत्येक घटक येथे सुटा असतो, आणि वादक तारांनी ते घटक हवे तसे जोडतो. तारांतून जो वाहतो तो ध्वनीच असतो असे नाही. पुष्कळदा ते केवळ व्होल्टेज असते, आणि एका घटकाचे व्होल्टेज दुसऱ्या घटकाला आज्ञा म्हणून पोचते. रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम भागांत एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही रचना सिद्ध केली. मूग यांच्या ९६० क्रमांकाच्या सीक्वेन्सरमध्ये आठ घरांच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक घराला एक खुंटी. ती फिरवून त्या घराचे व्होल्टेज ठरवावयाचे. क्लॉकचा एक स्पंद आला की यंत्र पुढच्या घरात जाते, आणि शेवटचे घर संपले की पुन्हा पहिल्या घरी येते. बहुलयी म्हणविल्या जाणाऱ्या पुढील सीक्वेन्सरांत भर पडली ती इतकीच, की प्रत्येक ओळीला स्वतःची लांबी किंवा क्लॉकचा स्वतःचा भागाकार मिळाला.

हा ‘इतकीच’ शब्द मात्र फसवा आहे, कारण लांबी आणि भागाकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वापरणारे त्यांत नेहमीच घोटाळा करतात. एका ओळीला आठ, दुसरीला सात आणि तिसरीला पाच घरे दिली, व तिन्ही एकाच स्पंदावर चालविल्या, तर प्रत्येक पाऊल तिन्हींचे एकदमच पडते. फक्त आवर्तने वेगवेगळ्या ठिकाणी संपतात. तिन्ही ओळी पुन्हा आपापल्या पहिल्या घरी एकदम येण्यास २८० स्पंद लागतात. सेकंदाला चार स्पंद धरले तर ७० सेकंद. हे बहुचक्र झाले. याउलट, एका निश्चित कालखंडाचे एका ओळीने तीन व दुसरीने दोन समान भाग केले, तर आवर्तन दोघींचे एकच राहते आणि पावले मात्र एकमेकींच्या मधोमध पडतात. ही खरी बहुलय. पहिल्या प्रकारात मात्रा समान आणि आवर्तने विषम. दुसऱ्यात आवर्तन समान आणि मात्रा विषम. ज्याच्या पाटीवर बहुलय असे लिहिले आहे ते यंत्र पुष्कळदा बहुचक्रच देते, आणि ऐकणारा त्याच्या गुंतागुंतीने संतुष्ट होतो.

हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला दुसरा प्रकार नवा नाही. दोन मात्रांत तीन म्हणजे दीडपट, चारात पाच म्हणजे सवापट, चारात सात म्हणजे पावणेदोनपट, ही लयकारीची नित्याची पायरी होय, आणि पखवाजियाच्या शिक्षणात ती हाताने टाळी देत तोंडाने बोल म्हणून पक्की केली जाते. या साऱ्याला एक न्यायाधीश असतो, तो म्हणजे सम. कितीही आडवळणाने गेलेला तुकडा समेवर आला नाही तर तो चुकलाच. बहुलयी सीक्वेन्सरवर समेची जागा रीसेट नावाच्या एका छिद्राने घेतली आहे. त्यात तार घातली तर साऱ्या ओळी ठरलेल्या क्षणी पहिल्या घरी परततात. तार काढली तर परतत नाहीत, आणि त्याबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाही. समेचा असा वैकल्पिक होणे हा यंत्राचा दोष नव्हे. उलट, ज्या लयव्यवहाराला समेची कल्पनाच लागू पडत नाही त्याचा विचार करण्यास हे यंत्र शिकवू शकते, आणि ओवीच्या संदर्भात त्याचे पहिले आकर्षण हेच आहे.

यंत्राने बहुलय वाजविण्याचा विचार मॉड्युलर सिंथेसायझरच्याही आधीचा आहे. हेन्री कॉवेल या अमेरिकन रचनाकारासाठी लिऑन थेरेमिन यांनी १९३१ च्या सुमारास रिदमिकॉन नावाचे वाद्य बनविले. त्याची एकेक पट्टी दाबली की एकाच कालखंडाचे दोन, तीन, चार असे सोळापर्यंत समान भाग ऐकू येत, आणि जो भाग तोच त्या स्वराचा क्रम असे. कॉवेल यांनी त्याच वर्षी बर्लिनमध्ये पी. सांबमूर्ती यांच्याजवळ कर्नाटक संगीताचा अभ्यास केला होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भारतात मूग यांचे यंत्र आले ते १९६९ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, डेव्हिड ट्यूडर यांच्या सहभागाने. तेथे काम करणाऱ्यांत पखवाज शिकलेल्या गीता साराभाई होत्या. त्या काळच्या ध्वनिफिती पुढे अनेक वर्षे संग्रहात पडून होत्या, आणि त्यांतील निवडक काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. ते ऐकताना जाणवते ते असे की, या मंडळींना यंत्रात मोह पडला तो नादाचा, लयीचा नव्हे. जेथे ताल मोजण्याची परंपरा इतकी प्रगल्भ, तेथे यंत्र हाती येताच माणसे ताल सोडून नादाकडे वळावी, हे चमत्कारिक वाटले तरी समजण्याजोगे आहे: जे घरी विपुल आहे ते मागण्यासाठी कोणी बाजारात जात नाही.

याच्या उलट उदाहरण मुंबईत १९८२ साली घडले. चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात रोलंड कंपनीची तीन यंत्रे वापरलेली होती आणि त्यांतील तालयंत्र सोळा घरांचे होते. सोळा घरे आणि त्रितालाच्या सोळा मात्रा हे साम्य पाहून ज्यांना आनंद होतो त्यांनी एवढेच पाहावे, की त्रितालाच्या नवव्या मात्रेला खाली असते आणि यंत्राच्या नवव्या घराला ती नसते. संख्या जुळली, ताल जुळला नाही. या ध्वनिमुद्रिकेचे जे मोल आहे ते स्वरांच्या घसरगुंडीत आहे. लयीच्या दृष्टीने ती एकसुरीच आहे, आणि तिला मिळालेली उशिराची कीर्ती या मताच्या आड येऊ नये.

सीक्वेन्सरवर भरावयाचे ठोके ठरविण्याची एक युक्ती अलीकडे फार रूढ झाली आहे. गॉडफ्रीड तूसाँ या संगणकशास्त्रज्ञाने २००५ साली दाखविले, की युक्लिडच्या महत्तम साधारण विभाजकाच्या रीतीने दिलेल्या घरांत दिलेले ठोके शक्य तितके समान अंतराने वाटले, तर जगातील अनेक पारंपरिक ठेके आपोआप निघतात. आठ घरांत तीन ठोके वाटले की ३+३+२ ही क्यूबाच्या संगीतात सर्वत्र ऐकू येणारी मांडणी मिळते. रीत मोठी सुंदर आहे यात शंका नाही. परंतु चौदा घरांत चार ठोके वाटले तर ४+३+४+३ येते. सुरुवातीचे घर सरकविले की हा दीपचंदीचा ३+४+३+४ विभाग झाला. धमारही चौदा मात्रांचाच, त्याचेही विभाग चार, आणि ते ५+२+३+४ असे आहेत. कितीही सरकविले तरी युक्लिडच्या रीतीने ते निघत नाहीत. म्हणजे एकाच संख्येच्या दोन तालांपैकी एक गणिताने साधतो आणि दुसरा परंपरेनेच ठरतो. धमाराची मांडणी समानतेपासून दूर जाते ती अपघाताने नव्हे. यंत्राच्या पडद्यावर जी मांडणी सहज उमटते तीच स्वाभाविक, असे मानण्याची सवय लागली तर धमार हा दीपचंदीचा बिघडलेला प्रकार ठरेल. ओवीच्या अभ्यासात हाच धोका अधिक मोठ्या प्रमाणात संभवतो.

आता जात्याकडे यावयाचे. त्यासाठी दुधनीसारखे गाव मुद्दाम समोर ठेवणे उपयुक्त आहे. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या सरहद्दीला लागून आहे. १८७१ साली रायचूरपर्यंत पुरा झालेला लोहमार्ग त्यावरून जातो. आणि घरची भाषा कन्नड, कचेरीची मराठी, बाजाराची दोन्ही, हा तेथील व्यवहार आहे. अशा गावात जात्यावर कोणते गीत बसेल हे बसणारीचे माहेर कोठले यावर असते. अक्कलकोट-बार्शीकडची सासू ओवी म्हणेल, अफझलपुराकडची सून बीसुकल्लिन पद, म्हणजे जात्याचे पद म्हणेल. दगड एकच, खुंटा एकच, आणि त्यावर दोन भाषांचे दोन छंद. मराठी ओवीचा अभ्यास देशावरच्या एकभाषी खेड्यांतच करावयाचा ही रूढी असल्याने ही तुलना हाताशी असूनही फारशी केली गेलेली नाही. द. रा. बेंद्रे यांच्यासारखा लोकछंदांत मुरलेला, घरी मराठी बोलणारा कन्नड कवी १९४४ पासून १९५६ पर्यंत सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही उपेक्षा विशेषच खटकते.

या प्रदेशात ओवीचा सर्वांत जुना उल्लेखही फार दूरचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे म्हटले आहे. कल्याणी ही दुधनीहून फार लांबची वाट नव्हे. या उल्लेखाचा उपयोग आजवर ओवीची प्राचीनता सिद्ध करण्यासाठी झाला. परंतु त्यातील ‘कांडताना’ या शब्दाकडे लयीच्या दृष्टीने कोणी पाहिले असे दिसत नाही. कांडणे आणि दळणे ही दोन्ही धान्याचीच कामे असली तरी लयीच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. मुसळ पडते आणि उचलले जाते. त्याला ठोका आहे, आणि दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा आहे. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात तेव्हा ठोक्यांची गुंफण होते, आणि ती सीक्वेन्सरवर अगदी यथातथ्य मांडता येते: एक ओळ एकीची, दुसरी दुसरीची. जात्याला ठोका नाही. वरची तळी खालच्या तळीवर अखंड घासत असते. घरघर कधी थांबत नाही, केवळ प्रत्येक फेऱ्यात एकदा चढते आणि उतरते. हात खुंटा आपल्याकडे ओढतो तेव्हा जोर अधिक, दूर लोटतो तेव्हा कमी.

म्हणून जात्याला सीक्वेन्सरच्या ओळीवर बसविणे ही प्रारंभीचीच चूक होय. मॉड्युलर सिंथेसायझरच्या भाषेत सांगावयाचे तर जाते हा सीक्वेन्सर नव्हे. तो मंदगती ऑसिलेटर आहे, आणि तोही ज्याच्या वेगावर भाराचा परिणाम होतो असा. त्याच्या चढउताराचे ठोक्यात रूपांतर करण्याची सोय यंत्रात आहे. कम्पॅरेटर नावाचा घटक एक मर्यादा ठरवून देतो. लाट त्या मर्यादेच्या वर गेली की एक स्पंद सुटतो. पण ही मर्यादा कोठे ठेवावयाची? ती थोडी खाली आणली तर स्पंद लवकर सुटतो, वर नेली तर उशिरा. आणि गळ्यातील चरणाचा आरंभ त्या स्पंदाच्या आधी झाला की नंतर, हा निर्णय त्यावर अवलंबून. गीत दगडाच्या मागे चालले आहे की पुढे, हा जो निष्कर्ष अभ्यासक यंत्रातून निघाला म्हणून सांगेल तो वस्तुतः त्याने स्वतः फिरविलेल्या खुंटीतून निघालेला असेल. कानाने ऐकणाराही अशी मर्यादा मनात धरतोच, हे खरे. परंतु तो ती धरतो हे त्याला ठाऊक असते, आणि दुसऱ्या फेऱ्याला ती बदलण्याची त्याला मुभा असते.

गळ्याच्या बाजूनेही असेच. जात्यावरील ओवी छापताना दोन ओळींत मावते. गाताना तिच्यात ‘ग’, ‘बाई’ यांसारखी भरणी येतात, अर्धचरण पुन्हा म्हटला जातो, अखेरचे अक्षर श्वास संपेपर्यंत ताणले जाते. हे ताणणे मात्रांत मोजता येईलही, पण मोजलेली संख्या दर ओवीला निराळी येईल. कन्नड त्रिपदीत हा प्रकार शास्त्राच्याच पातळीवर दिसतो, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे. त्रिपदीचे गण अक्षरांचेही नव्हेत आणि मात्रांचेही नव्हेत; ते अंशांचे आहेत. तीन ओळींत मिळून अकरा गण असतात, पहिल्या दोन ओळींत चार चार आणि तिसरीत तीन. त्यांपैकी सहावा आणि दहावा हे दोन अंशांचे ब्रह्मगण, बाकीचे तीन अंशांचे विष्णुगण. पहिला अंश एक गुरू किंवा दोन लघू. पुढचे अंश प्रत्येकी गुरू किंवा लघू काहीही चालतात. हिशेब केला तर विष्णुगण चार मात्रांपासून सहा मात्रांपर्यंत आणि ब्रह्मगण तीन किंवा चार मात्रांचा होऊ शकतो. म्हणजे एकाच छंदातील एकाच नावाचा गण कधी चारचा, कधी सहाचा. तरी गाणारी त्याला एकच गण समजते आणि एकाच मापाच्या जागेत बसविते. चार मात्रा आणि सहा मात्रा एकाच कालखंडात बसविणे ही व्याख्येने बहुलयच झाली. फरक इतकाच, की येथे दोन लयी एकीवर एक नसून एकीमागून एक आहेत. तिला तुलना म्हणून मिळते ती दगडाची घरघर. पुढील काळात कन्नड छंद मात्रागणांकडे झुकले व विष्णुगण पाच मात्रांचा स्थिर होऊ लागला, हा इतिहास छंदाच्या पोथीपुरता खरा. जात्यावर पोथीची सत्ता कितपत चालली असेल याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे.

अशा लवचीक गणाला सीक्वेन्सरचे घर चालत नाही, कारण घराची रुंदी आधी ठरते आणि मग त्यात काय ठेवावयाचे ते ठरते. त्रिपदीत व ओवीत शब्द आधी येतो आणि त्याच्या मापाने जागा सैल होते. क्लॉकचाच वेग बदलून हा सैलपणा यंत्रात आणता येतो असे कोणी म्हणेल. आणता येतो, पण क्लॉक सैल केला की तो साऱ्या ओळींना सैल करतो. जात्यावर तसे होत नाही. धान्य टणक असेल, नुकतीच वैरण घातली असेल, तर फेरा जड होतो, आणि गळा मात्र त्याच चालीने पुढे जातो. उलट, ओवीत भावाचे नाव आले आणि आवाज रेंगाळला म्हणून दगड रेंगाळत नाही. दोन लयींना एक क्लॉक नाही. तरी त्या परस्परांपासून मोकळ्याही नाहीत, कारण दोन्ही एकाच देहातून निघतात. जो श्वास चरण ताणतो तोच हाताला जोर देतो. बहुलयी यंत्रातील ओळींचे नाते समान मापाचे असते. जात्यावरील दोन लयींचे नाते समान श्रमाचे असते. या भेदापुढे तीनास दोन की पाचास चार हा प्रश्न गौण ठरतो.

बर्नार्ड बेल यांच्या कामाचे या संदर्भात विशेष महत्त्व आहे. १९८० नंतरच्या दशकात जेम्स किपन यांच्यासमवेत त्यांनी बोल प्रोसेसर ही संगणकप्रणाली तयार केली. तबल्याच्या लखनौ परंपरेतील कायद्यांचे व्याकरण मांडणे हा तिचा मूळ हेतू होता. तिच्या पुढील आवृत्तीत एकाच कंसात स्वल्पविरामाने वेगळे केलेले बोलांचे दोन गट लिहिले की प्रणाली त्या दोहोंना एकाच कालखंडात बसविते. एका गटात तीन आणि दुसऱ्यात दोन बोल असतील तर दीडपट आपोआप सिद्ध होते. बहुलयीचे इतके निर्मळ लेखन अन्यत्र क्वचितच आढळेल. त्याच प्रणालीत आखीव काल आणि अनाखीव काल असा भेदही मान्य केलेला आहे. तो पिअर बुलेझ यांच्या विवेचनातून आलेला आहे. आणि हेच बेल पुढे गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात ध्वनिमुद्रणाच्या कामी सहभागी झाले. ज्याने कायद्याला कंसात बसविले तोच मनुष्य ध्वनिमुद्रक घेऊन मुळशी-मावळातील स्त्रियांपुढे बसला. कायद्यासाठी केलेले लेखन जात्यासाठी पुरे पडत नाही. अनाखीव कालाची सोयही येथे थिटी पडते, कारण जात्याचा काल अनाखीव नव्हे, तो दर फेऱ्याला नव्याने आखला जातो.

त्या संकलनाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या. मराठी स्त्रीवाङ्मयाच्या अभ्यासाला एवढे मोठे दुसरे भांडार नाही. परंतु त्यातील बहुतांश शब्दरूपात आहे, ध्वनिरूपात थोडा भाग आहे. शिवाय, विजेची गिरणी गावोगाव पोचल्यानंतर ओवी म्हणणारी पुष्कळदा आठवणीने म्हणते. जाते कोपऱ्यातून काढून मांडले, त्यात मूठभर धान्य घातले किंवा तेही घातले नाही, आणि गीत म्हटले गेले. रिकाम्या जात्याला भार नसतो. त्याचा फेरा सारखा पडतो. अशा मुद्रणावर यंत्र लावले तर ते दोन लयींचे फार नेटके प्रमाण दाखवील, आणि नेटकेपणाचे कारण एवढेच असेल की दळण चाललेले नाही. त्यावरून ओवीची लय नियमित असते असा सिद्धान्त काढणाऱ्या प्रबंधाला कोणी दोष दाखवू शकणार नाही, कारण आकडे बरोबरच असतील.

हलगीचा प्रश्न याहून वेगळा आणि एका अर्थी अधिक अवघड आहे. सोलापूरच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या या एकतोंडी वाद्यावर दोन काठ्या चालतात. एका हातातील जाड टिपरू मुख्य आघात देते. वाद्याची कड धरणाऱ्या हातातील बारीक काडी मधल्या जागा भरते. दोन ओळी, दोन जोर, ठसठशीत ठोका: सीक्वेन्सरला याहून सोयीचे वाद्य मिळणार नाही, आणि म्हणूनच यंत्रावर वाजणाऱ्या देशी ठेक्यांत हलगीचे अनुकरण लवकर शिरते. अनुकरण ठोक्यांच्या जागांपुरते बरे साधते. कातडे विस्तवावर शेकून चढविल्यावर पहिल्या काही मिनिटांत जो नाद मिळतो आणि उतरत जातो, त्याप्रमाणे वादक हात बदलत जातो. हा बदल आठ किंवा सोळा घरांत मावत नाही. परंतु खरी अडचण नादाची नाही. हलगी वाजविणे हे महार आणि मांग समाजांवर गावगाड्याने लादलेले काम होते, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर पुष्कळांनी ते निश्चयपूर्वक टाकून दिले, काहींनी कला म्हणून ठेवले. ज्या ठेक्यासाठी वादकाच्या आजोबाला वेशीवर उभे राहावे लागले, तो ठेका सीक्वेन्सरच्या दोन ओळींत उतरविला की त्याचा वेशीशी असलेला संबंध तुटतो. याला मुक्ती म्हणावे की लूट, यावर मतभेद होतील. वाजविणाऱ्याचे नाव जेथे नोंदलेले नाही तेथे तरी लूट हाच शब्द योग्य होय. लयीचे शास्त्र घडविताना पखवाजियाची वंशावळ देणाऱ्या अभ्यासकाने हलगीवाल्याला ‘लोकवादक’ या एका शब्दात उरकावे, ही रीत यंत्राच्या आधीपासूनची आहे. यंत्राने ती केवळ सुलभ केली.

मग या साधनाचा अभ्यासकाला उपयोग काय? वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमधील अंतरावर केली. ती मांडणी टिकली, कारण ती मोजमापाने सिद्ध केलेली नव्हती. ऐकण्याची दिशा तेवढी तिने दाखविली. सीक्वेन्सरचा उपयोगही असाच, दिशादर्शक म्हणून आणि तोही उलट्या बाजूने, व्हावा. ओवीची एक चाल घ्यावी. दगडाचे फेरे एका ओळीवर आणि चरणांचे आरंभ दुसरीवर बसवावे. मग मूळ मुद्रणाशी ताडून पाहावे की यंत्र कोठे चुकते. जेथे ते चुकते तेथे चिन्ह करावे. चिन्हे एका जागी गोळा होत असतील तर तेथे काय घडते ते पाहावे. सर्वसाधारणपणे ती दोन ठिकाणी सापडतील अशी अपेक्षा आहे: चरणाच्या अखेरीस, जेथे श्वास संपतो, आणि वैरण घालताना, जेथे एक हात खुंट्यावरून निघून सुपाकडे जातो, फेरा एका हातावर येतो, आणि गळ्याला क्षणभर अधिक जागा मिळते.

हा दुसरा क्षण छापील संग्रहांत कोठेच नसतो. दोघी दळत असतील तर वैरण एकीने घालावयाची आणि तेवढ्यापुरता भार दुसरीने घ्यावयाचा. ओवी कोणी उचलावयाची हेही पुष्कळदा त्यावरच ठरते. दुधनीसारख्या गावी या दोघींपैकी एक मराठीत म्हणत असेल आणि दुसरी कन्नडात, तर अकरा अंशगणांची त्रिपदी आणि सैल चरणांची ओवी यांची गाठ ज्या ठिकाणी पडेल ते ठिकाण सम नव्हे आणि रीसेटही नव्हे. ती सुपातून उचललेली मूठ असेल. ते पाहण्यासाठी भरलेले जाते आणि दोन्ही भाषांतील पदे जाणणारी वयस्क स्त्री, या दोन्ही गोष्टी एकाच घरात मिळाव्या लागतील.